चिखलाची दुसरी बरणी

मी संशयी बाई आहे. हे मी स्वतः कबूल करते म्हणून कुणी मला मोठ्या मनाची समजू नये. घरात सगळ्यांना माहीतच आहे, लपवून काय करू? दूधवाल्याचं माप, रिक्षावाल्याने घेतलेलं लांबचं वळण, डॉक्टरने लिहिलेली दुसरी गोळी, यातलं काहीही मी सरळ गिळत नाही. अंबरनाथ पश्चिमेला आमचं घर, दुसरा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीत लोकांकडे मनीप्लांट असतो, आमच्याकडे चिखलाच्या बरण्या आहेत. नवीन माणूस आला की आधी बरण्यांकडे बघतो, मग माझ्याकडे. त्याच्या मनात काय येतं ते मला कळतं. मी त्याला चहा देते आणि काही सांगत नाही.

निवृत्त होईपर्यंत मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस होते. काचसामान धुणं, स्लाइडी मोजून देणं, मोजून परत घेणं. मोजून परत घेण्यात माझा हात कुणी धरला नाही. तिथे जीवशास्त्राचे एक सर होते. ते दरवर्षी मुलांकडून चिखलाची बरणी करून घ्यायचे. तळ्याचा गाळ घ्यायचा, त्यात फाडून भिजवलेला वर्तमानपत्राचा कागद, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि टरफलांची पूड कालवायची. उंच काचेच्या बरणीत तो गाळ दाबून भरायचा, वर चार बोटं तळ्याचंच पाणी, सैल झाकण, आणि उजेडात ठेवून द्यायची. बस. मग फक्त वाट बघायची. दोन महिन्यांत त्या घाणीत थर लागतात. तळाशी काळा, त्यावर शेवाळी, त्यावर जांभळा, मग गंजासारखा, आणि सगळ्यात वर हिरवं पाणी. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात ते. ज्याला हवा सोसत नाही तो खाली जातो, ज्याला हवा लागते तो वर येतो, आणि एकाने टाकलेलं दुसरा खातो. एवढ्याशा बरणीत सगळ्यांची सोय होते. आमच्या सोसायटीत चार पार्किंगवरून सोळा घरं भांडतात.

सरांचा एक नियम होता. एका गाळाच्या नेहमी दोन बरण्या करायच्या, आणि त्या दोन वेगळ्या जागी ठेवायच्या. ते म्हणायचे, "बरणी खोटं बोलत नाही. पण तुमच्या पाठीमागे तिच्यात कोणी काय घातलं, ते ती सांगतही नाही. म्हणून तिला जोडीदार हवा." हे वाक्य मी वीस-बावीस वर्षं ऐकलं. मुलं विसरली की मीच त्यांच्यावर डाफरायचे, दुसरी बरणी कुठाय?

एका वर्षी एका मुलाने कुठल्याशा नाल्याचा गाळ आणला होता. त्याच्या दोन्ही बरण्या शेवटपर्यंत काळ्याच राहिल्या. सर म्हणाले, याच्यात काहीतरी पडलंय, हा मेलेला गाळ आहे. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

माझं माहेर सोनिवलीचं, बदलापूरच्या पलीकडे. आता तिथे नव्या बिल्डिंगी उभ्या राहतात, पण आमच्या घरामागचं तळं अजून आहे. मी लहान असताना दर उन्हाळ्यात सगळा गाव मिळून तळ्यातला गाळ काढायचा आणि आपापल्या शेतात नेऊन टाकायचा. माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बाबा गाळ उपसायचे तेव्हा तो माझ्या कडेवर असायचा आणि चिखलात जायला रडायचा. बाबा गेल्यावर घर, शेत आणि चार म्हशी त्याच्याकडे राहिल्या. म्हशी तळ्यावरच जगायच्या. त्याच पाण्यात डुंबायच्या, तेच प्यायच्या. त्यांच्या दुधाचं तूप भाऊ दर महिन्याला स्टीलच्या डब्यातून माझ्याकडे पाठवायचा. बाजारचं तूप माझ्या घरात येत नाही. त्यात काय असतं ते मला विचारा.

निवृत्त झाल्यावर मी बरण्यांची पहिली जोडी केली ती त्याच तळ्याची. होळीपर्यंत तिच्यात असा जांभळा रंग आला की मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभी राहायचे. आपलं तळं आतून असं आहे हे बघून मला खरंच रडू आलं होतं. भावालाही बोलावून दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "ताय, आपन एवढी वर्सं याच्यान पाय घालून बसायचो."

पुढच्या वर्षी संक्रांत झाल्यावर मी पुन्हा गाळ आणायला गेले. जायच्या आधी उल्हासनगरला कॅम्पातल्या ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडून दोन उंच बरण्या घेतल्या. मी दोन्हींना टिचक्या मारून बघत होते, तर तो म्हणाला, "बहनजी, अचार डालना है के एक्स-रे निकालना है?" मी एकेक बरणी उजेडात धरून बघितली. दोन्ही बरण्या चांगल्या निघाल्या.

तळ्यावर गेले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पलीकडच्या काठावर जाड टायरांच्या खुणा होत्या, पार पाण्यापर्यंत गेलेल्या. मी भावाला विचारलं, "इथे टँकर येतो?" तो म्हणाला, "येतो कदी कदी." कशाला, ते सांगितलं नाही. मी त्या बाजूला निघाले तर माझा हात धरून म्हणाला, "तिकडं नको जाव, ताय." झालं. आमच्या भागात माणूस टँकर बघतो तेव्हा त्याच्या मनात दुसरं काय येणार? कुठून तरी भरून आणायचं आणि नजर चुकवून कुठेतरी ओतून जायचं, अशा गोष्टी आपण ऐकत असतोच. मी याच काठाचा गाळ बादलीत भरला आणि घरी आले. येताना भावाने तुपाचा डबा दिला, तोसुद्धा मी संशयानेच घेतला.

बरणी भरली. एकच. दुसऱ्या बरणीत मी लिंबाचं लोणचं घातलं. लिंबं स्वस्त मिळाली होती आणि खिडकीत जागाही नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट वेगळी होती. मला उत्तर आधीच माहीत होतं. बरणी फक्त पुराव्याला हवी होती.

ह्यांना मी काहीच सांगितलं नाही. हे म्हणजे आमचे अहो. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, तेही निवृत्त झालेत. ह्यांचं आणि माझ्या भावाचं फार गूळपीठ. मी इथे काही बोलले की संध्याकाळी सोनिवलीला फोन गेलाच म्हणून समजा. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. ह्यांनी विचारलं, "यंदा एकच?" मी म्हटलं, "एकच."

तीन आठवड्यांनी बरणीला वास सुटला, सडक्या अंड्याचा. हे ठरलेलंच असतं, काळा थर लागताना येतो आणि जातो. पण आमच्या बिल्डिंगमध्ये वास आला की पहिल्यांदा एमआयडीसीकडे बोट जातं, आणि ते चुकीचंही नाही. आमची नाकं त्याच वासांवर वाढली आहेत. कुणी ओला रुमाल तोंडाला लावला, कुणी गच्चीवर जाऊन वारा कुठला आहे ते बघून आलं. सेक्रेटरी घरोघर विचारत फिरला, तुम्हाला पण येतोय का? आमच्या दारात आला तेव्हा मी म्हटलं, "येतोय ना, फार येतोय." हे माझ्या मागेच उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे, आणि आत निघून गेले. चार-पाच दिवसांत वास गेला. मला वाटलं, आपोआप गेला.

होळी आली, बरणी काळी. पाडवा आला, तरी काळीच. वरचं पाणी तर इतकं नितळ की आरपार खिडकीचे गज दिसायचे. शेवाळाचा एक तंतू नाही. गेल्या वर्षीची एक बरणी शेजारीच उभी होती, रंगांनी भरलेली.

भावावर संशय होताच, पण मी बाकीच्यांनाही सोडलं नाही. कामवाली फिनेलची बादली खिडकीखाली ठेवते, म्हणून मी फिनेलच्या बाटलीवर पेन्सिलने खूण करून ठेवली. रोज ती लादी पुसून गेली की बघायचे. पाचव्या दिवशी तिने मला बघताना पकडलं. म्हणाली, "बाई, मी तुमच्या त्या चिखलाकडे बघत पण नाय. मला पोरंबाळं हायेत." फिनेल खुणेच्या बरोबर होतं. मग वरच्या मजल्यावरची बाई, तिच्या कुंड्यांचं औषध आमच्या खिडकीवर ठिबकतं. तेही नाही, बरणीला झाकण होतं. सगळे सुटले आणि एकच उरला. मला त्यात समाधान वाटलं, हे आता सांगायला लाज वाटते.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात मी भावाला फोन केला. फार बोलले. म्हटलं, "बरणी काळी पडलीय. तुझं पाणी मेलंय. आणि ते कोणी मारलं ते मला ठाऊक आहे. टँकरवाल्याकडून काय घेतलंस तेवढं सांग. बाबांचं तळं विकून खाल्लंस."

मग त्याने हळू विचारलं, "पानी मेलाय, ह्ये नक्की?"

मी म्हटलं, "नक्की. वीस वर्षं लॅबमध्ये घालवली मी."

मग मात्र तो चिडला. "मी असला काम करन, ताय? मना लहानाचा मोठा तू केलास, आन तूच बोलतंस?" आणि फोन ठेवला.

चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. त्या महिन्यात तूप आलं नाही. पुढच्याही महिन्यात आलं नाही. ते मी सज्जड पुरावा म्हणून धरलं. ह्यांनी एकदा विचारलं, तूप का आलं नाही गं? मी म्हटलं, त्यालाच विचारा. ह्यांनी विचारलं असणार, कारण त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. पण आमच्या घरात मी विचारल्याशिवाय कुणी मला काही सांगत नाही, ही सवय मीच लावली आहे.

मे महिन्यात मी खिडकीचा पडदा धुवायला काढला. लाल पडदा, दोन वर्षांचा. बरणीच्या मागे जिथे तो टेकायचा, तिथे पांढरे डाग होते. पाच-सहा, जुन्या चवलीच्या नाण्याएवढे. डाग धुऊन जाईनात, कारण ते डाग नव्हतेच. तिथला रंग उडाला होता. मी वीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत, रंग कशाने उडतो ते मला कळतं. मी बरणीचं झाकण काढून वास घेतला. नळाला कधीकधी जास्त औषध टाकलेलं पाणी येतं, त्याचा वास.

हे बाहेर पेपर वाचत होते. मी पडदा तसाच हातात घेऊन समोर उभी राहिले. म्हटलं, "बरणीत काय घालता?"

"हायपो," हे म्हणाले. पेपरसुद्धा खाली केला नाही.

आमच्या संडासात कपाटाखाली हायपोचा, म्हणजे ब्लीचच्या पाण्याचा, पाच लिटरचा कॅन असतो. तो ह्यांचा. लाद्या पांढऱ्या करायला ते वापरतात. मी घरातल्या फिनेलला पेन्सिलची खूण केली, आणि त्या कॅनकडे ढुंकून बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"किती?"

"एक झाकण. दर सोमवारी." आता त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुकाची अपेक्षा होती. "तीस वर्षं प्लँटवर हेच केलंय. सडक्या अंड्याचा वास आला की हायपो सोडायचा, वास तिथेच बसतो. सेक्रेटरी दारात आला, तू त्याला तोंडावर खोटं बोललीस. म्हटलं, उद्या लोकांना कळलं की वास आपल्याच घरातून येतोय, तर तुझ्या सगळ्या बरण्या फेकायला लावतील. म्हणून तुला न सांगता बंदोबस्त केला. त्यानंतर एकदा तरी आला का वास?"

मी खाली बसले. म्हटलं, "अहो, त्या बरणीवरून मी त्याला नाही नाही ते बोलले."

ह्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मला कसं कळणार ती बरणी कशाची परीक्षा होती? तोही फोनवर एवढंच बोलला, ताय रागावलीय. तू सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. सांगितलं तर ते भावाला सांगतील, हाच तर माझा संशय होता. मी ह्यांच्यावर ओरडले, खूप ओरडले, पण ते सगळं उगाच होतं. दुसरी बरणी केली असती, ती बेडरूमच्या खिडकीत ठेवली असती, तर तिला हायपो लागला नसता आणि तिने रंग धरला असता. ती स्वयंपाकघरातच होती, लोणचं मुरवत.

त्याच दिवशी मी लोणचं दुसऱ्या डब्यांत काढलं. बरणी गरम पाण्याने चार वेळा धुतली, लिंबाचा वास जाईपर्यंत. काळी बरणी रिकामी करून तीही धुतली, आणि आम्ही दोघं सोनिवलीला गेलो.

गोठा रिकामा होता. झाडून ठेवलेला. दावी खुंटीला गुंडाळून टांगलेली होती. भावजय ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पाणी आणलं, पण नेहमीसारखी हसली नाही. मी विचारलं, "म्हशी चरायला गेल्यात?"

ती म्हणाली, "इकल्या. पाडवा झाल्यावर महिन्याभरानी."

"का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की हे मी विचारावं याचंच तिला नवल वाटलं. "तुमीच फोन केलात ना, पानी मेलाय म्हनून? त्यांनी त्याच दिशी म्हशी बांधून घातल्या. तळ्यावर जाव दिल्या नाय. महिनाभर दोघांनी मिलून नळाचा पानी बादल्यांनी पाजला. चार म्हशींना किती पुरनार? एक तर गाभन व्हती. ह्ये बोलले, ताय लॅबमधी व्हती, ती बोलली तर मेलाच असंल. मरतील त्यापरीस दुसऱ्याच्या दारी जगतील."

फोनवर मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. तू चोर आहेस, ही एक, आणि पाणी मेलंय, ही दुसरी. पहिली त्याने झिडकारली. दुसरी त्याने कसलीही शंका न घेता मानली, कारण ती मी सांगितली होती. उभ्या आयुष्यात मी कुणावर एवढा विश्वास ठेवलेला मला आठवत नाही.

भाऊ आता जवळच्याच नव्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन आहे. आम्ही तिथे गेलो. निळा युनिफॉर्म त्याला खांद्यात मोठा होत होता. मला बघून तो खुर्चीतून उठला. मी सगळं सांगितलं. हायपो, झाकण, सोमवार, लोणचं. हे शेजारी मान खाली घालून उभे होते. तो ऐकून घेत राहिला. मग त्याने फक्त विचारलं, "म्हंजे पानी चांगला व्हता?"

मी म्हटलं, "ते अजून मला माहीत नाही." निदान एवढं तरी खरं बोलले.

"आणि टँकर?" हे ह्यांनी विचारलं, टँकरचं मी त्यांना वाटेत सांगितलं होतं. माझी हिंमत झाली नसती.

"टँकर वतायला नव्हता येत, भरायला येयाचा," तो म्हणाला. "ह्या बिल्डिंगीच्या कामाला पानी लागायचा. मी नाय बोललो आसतो तरी नेलाच आसता. बाबांच्या तळ्याचा पानी शिमिटावर मारतात, ह्ये तुला कसा सांगू? आन टायरांनी तिकडचा काठ खचला व्हता. तुजा पाय गेला आसता म्हनून हात धरला." एवढं बोलून तो गेट उघडायला गेला, कारण आतून गाडी येत होती.

ड्युटी संपल्यावर तो आमच्याबरोबर तळ्यावर आला. गाळ त्यानेच काढला. मी दोन्ही बरण्या त्याच्या ओट्यावर भरल्या. कागद, बलक, पूड, सगळं त्याच्यासमोर, त्याला दाखवून. एक माझ्याकडे आणली, एक त्याच्या घरात ठेवली, गोठ्याकडच्या खिडकीत. निघताना त्याने विचारलं, कदी कलंल? मी म्हटलं, दोन-अडीच महिने. तो बरं म्हणाला. तूप नव्हतं, म्हणून भावजयीने तांदूळ बांधून दिले. ते मी घेतले.

घरी आल्यावर हायपोचा कॅन ह्यांनी स्वतःहून कामवालीला देऊन टाकला. मी बरणी बेडरूममध्ये ठेवली आणि रोज बघत राहिले. मनातून मला काय हवं होतं ते सांगते, आता लपवायचं तरी काय? मला वाटत होतं, ही बरणी काळीच राहू दे. पाणी खरंच मेलेलं निघू दे. म्हणजे म्हशी विकल्या ते बरं झालं, असं होईल.

श्रावणात एका सकाळी माझ्या बरणीच्या मध्यावर बोटाएवढा जांभळा पट्टा दिसला. मी भावाला फोन करायचा म्हणून चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी त्याचाच आला.

"ताय," तो म्हणाला, "हिच्यान जांभला रंग आयलाय. मोप आयलाय. गेल्या टायमाला आल्ता तसाच." त्याचा आवाज खरंच आनंदी होता, आणि तेच मला ऐकवेना. मग त्याने मला सरळ, लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "आता काय करू?"